एका खांद्याचं गोल्ड

चार जण, एकच टाइमिंग आणि मेडल्स फक्त तीन! १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या शंभर मीटर फायनलची ही गोष्ट. 'थोडक्यात हुकलं' असं ज्यांना ज्यांना कधी म्हणावं लागलंय, त्या सगळ्यांसाठी.

अप्रेझलचा महिना आठवा. वर्षभर घासून काम केलेलं असतं, टार्गेट पूर्ण असतं, आणि प्रमोशन मिळतं ते शेजारच्या क्युबिकलमधल्याला. बॉस समजुतीच्या सुरात सांगतो, 'अगदी थोडक्यात हुकलं तुझं.' त्या 'थोडक्यात'चा राग येतो ना? फार मागे पडलो असतो तर इतकं लागलं नसतं.

अशाच एका रात्री लॅपटॉप उघडून बसले होते आणि एक जुनी ब्लॅक अँड व्हाइट क्लिप समोर आली. सहा माणसं पळतायत. अकरा सेकंदांच्या आत सगळं संपतं. मी ती पुन्हा पाहिली, मग पुन्हा. कोण जिंकलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नंतर वाचलं तेव्हा समजलं, की जो जिंकला त्यालाही ते कळलं नव्हतं!

फेव्हरिट कुठे गेले?

तारीख २१ जुलै १९५२. फिनलंडची राजधानी हेलसिंकी. स्टेडियमच्या डोक्यावर ७२.७१ मीटर उंच पांढरा टॉवर. हा आकडा उगाच नाही. फिनलंडच्या मॅटी यार्विनेनने १९३२च्या ऑलिंपिकमध्ये भाला जितका लांब फेकून गोल्ड मिळवलं, तेवढीच ही उंची. म्हणजे या गावाला मोजमापाचं वेड आधीपासूनच! दोनच दिवसांपूर्वी उद्घाटन झालेलं, तेही पावसात. ट्रॅक आजच्यासारखा सिंथेटिक नाही, तर कोळशाच्या राखेचा. पाऊस पडला की जड होणारा.

त्या काळात शंभर मीटर म्हणजे अमेरिकेची खासगी मालमत्ता असल्यासारखंच होतं. पण या वेळी सगळं बिनसलं. जिम गॉलिडे दुखापतीमुळे टीममध्येच नव्हता. अँडी स्टॅनफिल्डने शंभर सोडून फक्त दोनशे मीटरवर लक्ष द्यायचं ठरवलं. उरला आर्ट ब्रॅग, तर सेमीफायनलमध्ये त्याचा स्नायू दुखावला. खेळ खल्लास.

मग फायनलमध्ये अमेरिकेकडून कोण? एक टेक्सासचा डीन स्मिथ आणि दुसरा लिंडी रेमिजिनो. वय २१, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजचा विद्यार्थी. विमानवीर चार्ल्स लिंडबर्गच्या नावावरून घरच्यांनी 'लिंडी' नाव ठेवलेलं. हा गोल्ड जिंकेल यावर कोणी पैज लावली असती असं वाटत नाही.

समोर दोन बडी नावं होती. ब्रिटनचा मॅकडोनल्ड बेली, मूळचा त्रिनिदादचा, वय ३१. आदल्याच वर्षी बेलग्रेडमध्ये १०.२ सेकंदांत धावून त्याने जेसी ओवेन्सच्या वर्ल्ड रेकॉर्डशी बरोबरी केली होती. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो फायनलला सहावा, म्हणजे शेवटचा आला होता. त्यामुळे त्याला जुना हिशेब चुकता करायचा होता.

आणि दुसरा जमैकाचा हर्ब मॅकेन्ली. खरं तर हा चारशे मीटरचा राजा! लंडनला चारशेचा वर्ल्ड रेकॉर्ड नावावर घेऊन गेला आणि आपल्याच देशाच्या आर्थर विंटकडून हरला. सिल्व्हर. मग रिलेत भरपाई करू म्हटलं, तर फायनलमध्ये विंटच्याच पायात गोळा आला आणि जमैकाची टीम बाद. हेलसिंकीत शंभर मीटरला त्याने नाव दिलं ते मुख्यतः चारशेसाठी वेग अंगात यावा म्हणून. आपल्याकडे फायनल परीक्षेआधी प्रिलिम देतात ना, साधारण तसं.

दहा पावलं लवकर

बार उडाला. रेमिजिनोचा स्टार्ट झकास. मॅकेन्ली मागे राहिला, कारण चारशेवाल्याला इंजिन तापायला वेळ लागतो. अर्ध्या अंतरानंतर रेमिजिनो पुढे होता आणि फीत समोर दिसत होती.

इथे त्याने चूक केली. छाती पुढे झोकून देण्याची जी क्रिया शेवटच्या पावलाला करायची, ती त्याने बरीच आधी सुरू केली. वाकलेल्या अंगाने पळताना वेग कमी होतो. तिकडे मॅकेन्ली वाऱ्यासारखा मागून येत होता. फितीपाशी रेमिजिनो, मॅकेन्ली, बेली आणि स्मिथ हे चौघं जवळजवळ एका रांगेत होते.

घड्याळवाल्या पंचांनी आकडे सांगितले: १०.४, १०.४, १०.४, १०.४. घ्या!

रेमिजिनोची खात्री पटली होती की आपण हरलो. तो सरळ मॅकेन्लीकडे गेला आणि त्याचं अभिनंदन करून मोकळा झाला. मॅकेन्लीलाही वाटत होतं, या वेळी गोल्ड आपलंच.

मग निकाल ठरला कसा?

तेव्हा अधिकृत वेळ हाताने घेत. पंच स्टॉपवॉच दाबणार आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा धरणार. आता जरा गणित करा. शेवटच्या टप्प्यात धावपटू सेकंदाला साधारण दहा मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात एक मीटर. एका मीटरच्या आतली सगळी माणसं घड्याळाला सारखीच दिसणार.

म्हणून फोटो-फिनिश. हा कॅमेरा आपल्या साध्या कॅमेऱ्यासारखा नसतो. त्याला एक बारीक फट असते आणि ती फक्त फिनिश लाइनवर रोखलेली असते. फटीमागून फिल्म सरकत राहते. त्यामुळे चित्रात जागा नाही, वेळ उमटते. जो आधी पोचला तो पुढे. नियम असा, की डोकं, हात, पाय धरायचे नाहीत. धड आधी ज्याचं, तो पहिला.

फोटो पाहिला गेला. रेमिजिनोचा उजवा खांदा किंचित पुढे होता. गोल्ड त्याचं! मॅकेन्लीला सिल्व्हर, बेलीला ब्राँझ आणि स्मिथला काहीच नाही. इलेक्ट्रॉनिक घड्याळातले आकडे असे: १०.७९, १०.८०, १०.८३, १०.८४. पहिल्या आणि चौथ्यात सेकंदाचे पाच शतांश. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. वर्ल्ड रेकॉर्डसाठी शतांशातली इलेक्ट्रॉनिक वेळ सक्तीची झाली ती १९७७पासून. तोवर हाताच्या घड्याळाचंच राज्य होतं.

हरलेल्याचा आठवडा

मला खरी भावली ती मॅकेन्लीची पुढची गोष्ट. शंभर हुकली. चार दिवसांनी त्याची हक्काची चारशे मीटर. वेळ ४५.९. आणि जिंकला कोण? जमैकाचाच जॉर्ज रोडन. वेळ? ४५.९! पुन्हा सिल्व्हर. सारखंच टाइमिंग असून एकाच आठवड्यात दोनदा दुसरा. आपण असतो तर राजीनामा टाकून घरी गेलो असतो.

राहिली होती चार बाय चारशे रिले, २७ जुलैला. तिसऱ्या लेगला बॅटन मॅकेन्लीच्या हातात आलं तेव्हा अमेरिका चांगलीच पुढे होती. तो धावला ४४.६ सेकंदांत. ज्या माणसाच्या अंगावर आठवडाभराच्या शर्यती होत्या, त्याने सगळं अंतर भरून काढलं आणि बॅटन रोडनच्या हाती दिलं. जमैका ३ मिनिटं ३.९ सेकंद, अमेरिका ३ मिनिटं ४ सेकंद. अंतर सेकंदाचा दहावा भाग! १९३२पासून उभा असलेला वर्ल्ड रेकॉर्ड चार सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. टीममध्ये विंटही होता, लंडनला पायात गोळा आलेला तोच.

त्याच मैदानात आपलेही

त्या ऑलिंपिकमध्ये स्प्रिंटला भारताचा माणूसही होता. मुंबईचा लेव्ही पिंटो. १९५१ला दिल्लीत पहिले एशियन गेम्स झाले, तिथे शंभर आणि दोनशे मीटरची दोन्ही गोल्ड त्याची. शंभरची वेळ १०.८. आशियातला सर्वांत वेगवान माणूस आपल्या मुंबईचा होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये? पुढे तो अमेरिकेत स्थायिक झाला आणि २०२०मध्ये गेला. हेलसिंकी म्हटलं की आपल्याला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात, आणि आठवायलाच हवेत. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल त्यांनी शंभर मीटर फायनलनंतर दोनच दिवसांत मिळवलं. त्यांच्या शेजारी पिंटोचंही नाव घ्यायला हरकत नाही.

पुढे काय झालं?

रेमिजिनोने रिलेचंही गोल्ड घेतलं आणि घरी जाऊन शाळेत शिक्षक झाला. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या पोरांना त्याने वर्षानुवर्षं पळायला शिकवलं. २०१८ला तो गेला. चौथा आलेला डीन स्मिथ हॉलीवूडमध्ये स्टंटमन झाला. म्हणजे मेडल हुकलेल्याचं करिअरच सगळ्यात फिल्मी निघालं!

मॅकेन्लीने जमैकात राहून धावपटू घडवले. २००७मध्ये तो गेला, पण त्या शंभर मीटरबद्दल त्याचं मत काही बदललं नाही. ती शर्यत आपणच जिंकलो होतो, असं तो म्हणत राहिला.

मी क्लिप पुन्हा लावली. आता कुठला खांदा बघायचा ते माहीत होतं. तरी दिसला नाही. तुम्हीही बघा एकदा, अप्रेझलच्या आदल्या रात्री.