तंजावरचे दप्तर आणि तान्ह्यांचा विषाणू

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल 1798 ते 1832) यांच्या वैद्यकीय व्यासंगाची साक्ष देणाऱ्या नेत्ररुग्णांच्या ज्या नोंदी आजवर जतन झाल्या आहेत, त्यांत व्याधीचे वर्णन, केलेला उपचार आणि डोळ्यांची चित्रे ज्या निष्ठेने उतरली आहेत, ती निष्ठा तान्ह्या बालकांची श्वसनमार्गिका ग्रासणाऱ्या आरएसव्ही या विषाणूच्या बाबतीत आज नितांत आवश्यक झाली आहे. 2019 या एका वर्षात या विषाणूमुळे जगातील पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके दगावली असा तज्ज्ञांचा अंदाज असून त्यांतील बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती. आपल्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही संशोधकांनी या विषाणूमुळे गावांत, घरोघरी होणाऱ्या बालमृत्यूंचा माग घेतला आहे.

नवजात बालकाची स्वतःची प्रतिकारशक्ती अपरिपक्व असल्याने त्यास प्रयोगशाळेत सिद्ध केलेले प्रतिपिंडच टोचावे, हा विचार 1998 साली पॅलिव्हिझुमॅबच्या रूपाने व्यवहारात आला. ते दरमहा टोचावे लागे, तर अलीकडचे निर्सेव्हिमॅब एकदा दिले की सुमारे पाच महिने संरक्षण देते. परंतु असे प्रतिपिंड विषाणूच्या ‘एफ’ प्रथिनावरील एकाच नेमक्या जागी चिकटते, आणि मोडी कागदाची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून अक्षर चुकावे तशी विषाणूच्या प्रत्येक नव्या प्रतीत चूक होऊ शकते. ती चूक नेमकी त्या जागी झाली, तर प्रतिपिंडास पकड मिळत नाही.

हे भय काल्पनिक नाही. सुप्टाव्हुमॅब या प्रतिपिंडाची मोठी चाचणी 2017 साली अयशस्वी ठरली, तेव्हा तपासात असे निष्पन्न झाले की आरएसव्हीच्या ‘ए’ व ‘बी’ या दोन प्रकारांपैकी ‘बी’ प्रकारच्या प्रचलित विषाणूने त्या जागेवरील दोन अमिनो आम्ले बदलली होती. कोट्यवधींचा खर्च आणि वर्षानुवर्षांचे परिश्रम दोन अणुसमूहांच्या फेरबदलाने व्यर्थ गेले, हे वाचून मन विषण्ण होते. निर्सेव्हिमॅबचे वृत्त मात्र आशादायक आहे: फ्रान्समध्ये 2023-24 च्या हंगामात, टोचूनही आजारी पडलेल्या बालकांतील विषाणू तपासला असता ‘ए’ प्रकारात प्रतिरोध आढळला नाही, ‘बी’ प्रकारात तो मोजक्याच नमुन्यांत दिसला. गर्भवती मातेस लस दिल्यास तिची प्रतिपिंडे ‘एफ’ प्रथिनाच्या अनेक जागा ओळखतात, म्हणून तो मार्गही दृष्टीआड करू नये.

तथापि प्रतिपिंडाचा वापर जसजसा वाढेल, तसतशी नैसर्गिक निवड प्रतिरोधक विषाणूच्या बाजूने झुकण्याचा संभव वाढत जाईल. म्हणून तंजावर असो वा अमरावती, प्रतिपिंड टोचूनही धाप लागून दाखल झालेल्या प्रत्येक बालकाच्या नाकातील नमुना जनुकीय तपासणीस पाठवावा, त्याची रुजुवात व्हावी आणि ते दप्तर डॉक्टरांस व आरोग्य खात्यास खुले असावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.