जबड्याचा सांधा दुखतो तेव्हा

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली काही हलते ना? तोच जबड्याचा सांधा. एक उजवीकडे, एक डावीकडे. खालचा जबडा बिजागरीसारखा फिरतो आणि थोडा पुढेही सरकतो. सांध्यातल्या हाडांमध्ये एक पातळ गादी असते.

दातांनी ऊस सोलणे, चिंचोके फोडणे, झोपेत दात खाणे, यांमुळे सांध्यावर ताण येतो. मग चावताना दुखते, खुटखुट वाजते. पुष्कळांना वाटते की कानच दुखतो. ऊस मलाही फार आवडतो, पण जबडा दुखत असताना तो बंदच!

उपाय सोपे आहेत. काही दिवस भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी. मोठी जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने १०-१५ मिनिटे शेकावे. ओठ मिटले तरी आत दात दाबून धरू नयेत. दुखणे बहुधा हळूहळू थांबते.

पालकांनो, एक विनंती. आपलीच ३ बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावतात का, ते पाहा. मी घरी सगळ्यांना पाहायला लावले. मावत नसतील तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचे तोंड आतून कडक होऊन आखडत जाते. ते शेकून बरे होत नाही. सुपारी सोडावीच लागते. आणि जखम झाल्यावर दातखीळ बसू लागली, तर तो धनुर्वात असू शकतो. तेव्हा शेकत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.