विद्युत रोध व विद्युत शक्ती यांचे गणन

विद्युत रोध व विद्युत शक्ती यांचे गणन विद्युत परिपथातील दोन मोजता येणाऱ्या राशींवर आधारलेले आहे. या राशी म्हणजे विभवांतर आणि विद्युतधारा. व्यवहारात त्यांना अनुक्रमे व्होल्टेज व करंट म्हणतात. उपकरणाच्या दोन टोकांमधील विभवांतर व त्यातून वाहणारी धारा ठाऊक असल्यास भागाकाराने रोध आणि गुणाकाराने शक्ती मिळते. घरातील तार किती भार पेलेल आणि ढिली जोडणी का तापते, हे याच गणनातून कळते.

सूत्रे व एकके

रोध = विभवांतर ÷ धारा
शक्ती = विभवांतर × धारा

विभवांतर व्होल्टमध्ये व धारा अँपिअरमध्ये घेतल्यास रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये येते. एक वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जेचा वापर. पहिले सूत्र दुसऱ्यात घातले असता शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात :

शक्ती = धारेचा वर्ग × रोध
शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

धारा मोजण्यासाठी अमीटर उपकरणाशी एकसर जोडतात, तर व्होल्टमीटर समांतर जोडतात.

इतिहास

विभवांतर, धारा व रोध यांचा संबंध जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग झिमोन ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. त्यापूर्वी ते कोलोन येथे शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवीत असत. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्यांना कोप्ली पदक दिले. वाहकात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे इंग्लंडमधील जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी त्याच वर्षी प्रयोगाने दाखविले.

उदाहरण

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. पाणी तापविण्याच्या एका उपकरणातून ८.७ अँपिअर धारा वाहत असल्यास,

रोध = २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४ ओहम
शक्ती = २३० × ८.७ = सुमारे २००० वॅट

हे उपकरण एक तास चालल्यास दोन किलोवॅट-तास, म्हणजेच वीजदेयकातील दोन युनिट ऊर्जा खर्च होते. भारतीय घरांत ६ व १६ अँपिअरची सॉकेटे वापरली जातात. ८.७ अँपिअरचे उपकरण ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालविणे धोक्याचे असते.

रोध व शक्ती यांचा संबंध

एका सूत्रानुसार रोध वाढला की शक्ती वाढते, तर दुसऱ्यानुसार ती घटते. विद्यार्थ्यांना येथे विसंगती वाटते. परंतु कोणती राशी स्थिर आहे हे पाहिल्यास ती नाहीशी होते. घरातील उपकरणे समांतर जोडलेली असल्याने प्रत्येकास जवळजवळ सारखेच विभवांतर मिळते. म्हणून कमी रोधाचे उपकरण अधिक शक्ती घेते. एकसर जोडणीत मात्र सर्व घटकांतून एकच धारा वाहते आणि अधिक रोधाचा घटक अधिक तापतो.

ढिल्या जोडणीचा धोका यातूनच उद्भवतो. वरील उदाहरणात सॉकेटमधील सैल स्क्रूमुळे केवळ अर्धा ओहम रोध वाढला, तर धारा किंचित घटून सुमारे ८.५ अँपिअर होते. त्या ठिकाणी ८.५ × ८.५ × ०.५, म्हणजे सुमारे ३६ वॅट उष्णता निर्माण होते. पाण्याला मिळणाऱ्या उष्णतेपुढे ती अल्प असली, तरी लहानशा जागेत साठल्याने प्लास्टिक वितळू शकते व आग लागू शकते. फ्यूजमधील धारा वाढलेली नसल्याने फ्यूज अशा वेळी वितळत नाही.

विभवांतर घटल्यास शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. रोध स्थिर मानल्यास १००० वॅटची शेगडी २३० ऐवजी १८४ व्होल्टवर ६४० वॅटच देते.

मर्यादा

ओहमच्या नियमासाठी वाहकाचे तापमान स्थिर असावे लागते. ६० वॅटच्या तंतू असलेल्या दिव्याचा रोध पेटलेल्या स्थितीत सुमारे ८८२ ओहम असतो. थंड असताना तो याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. त्यामुळे बंद दिव्याचा रोध मोजून काढलेली शक्ती चुकीची ठरते.

पंखा, पंप यांसारख्या मोटर असलेल्या उपकरणांत प्रत्यावर्ती विभवांतर व धारा एकाच क्षणी कमाल होत नाहीत. तेथे गुणाकारास शक्तिगुणकाने गुणावे लागते. २३० व्होल्टवर ५ अँपिअर धारा घेणाऱ्या पंपाचा शक्तिगुणक ०.८ असल्यास त्याची शक्ती ११५० नव्हे, तर ९२० वॅट असते. अशा उपकरणाच्या विभवांतरास धारेने भागले असता केवळ रोध नव्हे, तर संरोध मिळतो. तारेची जाडी ठरविताना मात्र प्रत्यक्ष वाहणारी ५ अँपिअर धाराच विचारात घ्यावी लागते. कारण तार तापते ती धारेमुळे.