फरशीचा मिस्त्री व्हायचे आहे? मग हे वाचा



गावातल्या घरांत झालेला एक बदल आपण सर्वांनी पाहिला आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीच्या जागी आधी कोबा आला, मग शहाबादी आली आणि आता साध्या घरकुलातही टाइल बसू लागली आहे. भिंत बांधणारा गवंडी गावात मिळतो. पण टाइल बसवायची म्हटली, की पुष्कळ गावांत मिस्त्री तालुक्याहून आणावा लागतो. काम आपल्या दारात आणि मजुरी मात्र बाहेर, असा हा प्रकार आहे.

ज्या घरात दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन आणि खाणारी तोंडे सहा-सात, त्या घरातल्या एखाद्या मुलाने या जोडधंद्याचा विचार अवश्य करावा. गावाकडची बांधकामे बहुतेक दसऱ्यापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. त्यामुळे खरिपाची पेरणी-कोळपणी सांभाळून हे काम करता येते. मात्र थोड्या दिवसांचा वर्ग केला की मिस्त्री झालो, असे समजू नका. वर्ग म्हणजे नांगरट. पीक पुढे यायचे असते.

प्रशिक्षण कोठे मिळते?

1982 साली कर्नाटकातील उजिरे येथे धर्मस्थळाची संस्था आणि तेव्हाच्या सिंडिकेट व कॅनरा या बँका यांनी मिळून ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगार शिकवणारी संस्था काढली. तोच नमुना पुढे ठेवून केंद्र सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था सुरू केल्या. त्यांना 'आरसेटी' म्हणतात. तेथे शिकवणे, राहणे आणि जेवण मोफत असते. आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन जिल्ह्याची संस्था कोठे आहे आणि गवंडीकामाचा किंवा टाइल बसवण्याचा वर्ग केव्हा आहे, ते विचारा. प्रत्येक वर्ग बाराही महिने नसतो. फी भरून शिकवणाऱ्या खाजगी वर्गात जाण्यापूर्वी तेथे हाताने काम किती दिवस करायला मिळते, हे आधी पाहा. नुसते फळ्यावर शिकून हात बसत नाही.

वर्गात काय पक्के करावे?

पहिली गोष्ट काटकोन. खोलीच्या कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फूट आणि दुसरीवर 4 फूट मोजून खुणा करा. दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट भरले, तरच कोपरा काटकोनात आहे. भिंत वाकडी असेल तर दोरा भिंतीला धरून लावू नका. नाहीतर पहिल्या ओळीतला दोरीभर फरक पलीकडच्या भिंतीशी इंचभर होतो.

दुसरी गोष्ट पाणसळ आणि ढाळ. खोली पाणसळीत हवी, पण न्हाणीघराला जाळीकडे ढाळ हवा. मीटरमागे एक ते सव्वा सेंटिमीटर उतार ठेवला, की पाणी साचत नाही.

तिसरी गोष्ट मालाची पारख. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल सिमेंटच्या मालात बसवायची तर आधी पाण्यात भिजवतात. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून ती भिजवून उपयोग नाही. भिंतीवर ती चिकटवायला खास मसाला लागतो. हा फरक न कळल्यामुळे भिंतीवरून टाइल सुटून पडतात. टाइल बसल्यावर ती हलकेच वाजवून पाहावी. आवाज पोकळ आला, तर खाली माल नीट भरलेला नाही.

हिशेब आधी, थापी नंतर

समजा, खोली 10 फूट रुंद आणि 12 फूट लांब आहे. क्षेत्रफळ 120 चौरस फूट. 2 फूट बाय 2 फुटांची एक टाइल 4 चौरस फूट व्यापते, म्हणजे 30 टाइल लागल्या. भिंतीच्या कडेची 4 इंची पट्टी वेगळी धरा. दाराचे 3 फूट सोडून 41 फूट पट्टी उरते आणि एका टाइलमधून 12 फूट निघते, म्हणजे आणखी 4 टाइल. तूट-फूट व कापाकापीसाठी 3 धरा. एकूण 37. हा हिशेब घरधन्यासमोर कागदावर मांडून द्या. ज्याचा हिशेब चोख, त्याला दुसरे काम आपोआप मिळते.

लगेच अंगावर काम घेऊ नका

वर्ग संपल्यावर निदान एक हंगाम जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली काढा. मजुरी कमी मिळेल, तरी चालेल. कारण पहिल्याच अंगावरच्या कामात न्हाणीघराचा ढाळ उलटा गेला, तर फरशी उखडून पुन्हा बसवण्याचा खर्च तुमच्याच डोक्यावर येतो. शिवाय त्या घराने पै-पै साठवून फरशी आणलेली असते. गावात एकदा नाव गेले, की ते परत मिळवायला फार वर्षे लागतात.

अवजारांसाठी बैल किंवा दागिने विकू नका. थापी, ओळंबा, गुण्या, पाणसळ, दोरा आणि रबरी हातोडा एवढ्यावर सुरुवात होते. कापण्याचे यंत्र आधी भाड्याने घ्या. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 धंद्यांत गवंडीकाम आहे. पात्र कारागिराला अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने पहिले 1 लाखापर्यंत कर्ज, अशी तिची तरतूद आहे. पण कर्ज कामे हातात आल्यावरच घ्यावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे येथेही खरेच. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम झाले, की दाखला घेऊन राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी अर्ज करा.

छातीची काळजी घ्या

टाइल कोरडी कापली, की उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली, तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून पाणी टाकूनच कापा, पण पाण्याजवळ विजेचे यंत्र जपून वापरा; वायर तुटकी नको. चांगला मास्क आणि चष्मा लावा. गुडघ्याखाली जाड गादी घ्या.

घरातल्या माउलींना आणि वहिनींना एक विनंती. मुलाच्या कामाची वही तुम्ही ठेवा. घेतलेली उचल, येणे बाकी, दुकानाचे देणे रोज संध्याकाळी लिहा. पुष्कळ चांगले कारागीर हातातल्या कसबामुळे नव्हे, तर न लिहिलेल्या उधारीमुळे बुडतात. शेती सोडू नका, घाई करू नका. हात तयार झाला, की आपल्याच शिवारातल्या पाच-सहा गावांत वर्षभर पुरेल एवढे काम मिळू शकते.