डोळ्याला पात लागली तर : आधी तपासणी, मग थेंब



उसाचा फड म्हटला की पात लागणे, कूस टोचणे हे आलेच. हाताला ओरखडा उठला तर आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण तीच पात डोळ्याला लागली तर गोष्ट वेगळी होते. बांधणी असो, पाचट काढणे असो की तोडणी असो, उसात वाकून शिरणाऱ्या माणसाचा चेहरा नेमका पानांच्या उंचीला येतो. उसाच्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात आणि पानावर मातीचे व बुरशीचे कण बसलेले असतात. डोळ्याला नुसता ओरखडा उठत नाही, त्या ओरखड्यात हे कणही पेरले जातात.

पुढची हकिगत गावोगाव साधारण एकाच वळणाची असते. पहिल्या दिवशी डोळा चुरचुरतो, पाणी येते. "बघू दोन दिवस, राहील आपोआप" म्हणून काम चालू राहते. तिसऱ्या दिवशी डोळा लाल होतो. कोणी दूध घालायला सांगतो, कोणी मध सांगतो. मग औषधाच्या दुकानातून "डोळे आलेत, थेंब द्या" म्हणून बाटली आणली जाते. त्या थेंबांनी दोन दिवस बरे वाटते, लाली उतरते. आणि आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. मग मंडळी म्हणतात, डोळ्यात फूल पडले. फूल पडले म्हणजे त्या जागेची पारदर्शकता गेली आणि ती बहुधा कायमचीच गेली.

हे टाळता येते. त्यासाठी या दुखण्यावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांनी गेल्या तीस वर्षांत काय शोधून काढले, ते सभासदांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख देत आहोत.

बुबुळावरची काच

काळ्या बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा स्वच्छ असतो. पण म्हणूनच तिथे जंतू शिरले तर त्यांच्याशी लढायला रक्ताची कुमक लवकर पोचत नाही. वरचा पातळ थर शाबूत आहे तोवर बहुतेक जंतू आत जाऊ शकत नाहीत. पातीने तो थर फाटला की दार उघडले. मग जखम पिकते, तिचा व्रण होतो, आणि व्रण खोल गेला तर पडद्याला भोक पडून अख्खा डोळाही जाऊ शकतो.

शिरणारे जंतू मुख्यतः दोन जातीचे. एक जिवाणू आणि दुसरी बुरशी. डोळ्यातली बुरशी ऐकून नवल वाटेल, पण ही मंडळी आपल्या ओळखीच्या घराण्यातलीच आहेत. हरभऱ्याची मर ज्या फ्युजेरियम बुरशीने होते, उसाच्या शेंड्याची पाने वेडीवाकडी करणारा पोक्का बोइंग ज्या फ्युजेरियममुळे होतो, त्याच कुळातल्या काही जाती माणसाच्या डोळ्यात व्रण करतात. दुसरे कूळ ॲस्परजिलसचे. ती माती, कडबा, भुसा, साठवलेले धान्य सगळीकडे असते.

मदुराईत काय दिसले?

या बाबतीत आपल्या देशात मोठे काम तामिळनाडूतील मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात झाले. मदुराई जिल्ह्यात १९९३ साली बुबुळाच्या व्रणाचे प्रमाण मोजले गेले. ते वर्षाला लाखामागे ११३ भरले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यात हेच प्रमाण लाखामागे ११ होते. म्हणजे आपल्याकडे दहापट.

पुढे १९९४ साली तिथे तीन महिन्यांत आलेल्या ४३४ रुग्णांची नीट तपासणी झाली. त्यांतल्या २८४ जणांनी आधी डोळ्याला काहीतरी लागल्याचे सांगितले. प्रयोगशाळेत २९७ जणांच्या व्रणातून जंतू वाढवता आले. त्यांत १४० जणांना निव्वळ जिवाणू, १३९ जणांना निव्वळ बुरशी, १५ जणांना दोन्ही आणि तिघांना अकॅन्थअमीबा नावाचा पाण्या-मातीतला सूक्ष्म जीव निघाला. बुरशीच्या रुग्णांत फ्युजेरियम सर्वांत जास्त होती. आपल्याकडे मुंबईत झालेल्या पाहणीत मात्र ॲस्परजिलस पुढे होती. म्हणजे मुलूख बदलला की बुरशीही बदलते.

या आकड्यांतली खरी गोम लक्षात घ्या. जिवाणू १४० आणि बुरशी १३९. जवळजवळ निम्मे-निम्मे. अंदाजाने औषध दिले तर ते चुकण्याची शक्यता नाणे उडवण्याइतकीच. आणि जिवाणूचे औषध बुरशीला मारत नाही, बुरशीचे औषध जिवाणूला मारत नाही.

कोणी म्हणेल, अनुभवी डॉक्टर नुसते बघून ओळखत असतील. याचीही परीक्षा झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुबुळाच्या १५ तज्ज्ञांना ८० व्रणांची छायाचित्रे दाखवली आणि जिवाणू की बुरशी ते विचारले. शंभरात ६६ वेळा उत्तर बरोबर आले. आयुष्य या कामात घालवलेल्या तज्ज्ञांचे नुसत्या छायाचित्रावरून असे होत असेल, तर दुकानात बाटली देणाऱ्या माणसाला आणि आपल्याला काय ओळखणार?

ऊस पक्व झाला की नाही हे आपला शेतकी खात्याचा माणूस पाने बघून ठरवत नाही. रस काढतो, ब्रिक्स बघतो आणि मग तोड देतो. खताची मात्रा ठरवायला आपण माती परीक्षण करतो. मग डोळ्यालाच तेवढा अंदाज का चालावा?

प्रयोगशाळेत काय करतात?

तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. डोळ्यात भूल देणारे थेंब टाकतात, त्यामुळे दुखत नाही. रुग्णाला यंत्रापुढे बसवून डॉक्टर बारीक पात्याने व्रणाच्या तळाची आणि कडेची थोडी खरवड काढतात. काम काही मिनिटांचे आहे.

त्यातली थोडी खरवड काचपट्टीवर घेऊन तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १० टक्क्यांचे द्रावण टाकतात. या क्षाराने डोळ्याच्या पेशी विरघळतात, पण बुरशीचे तंतू टिकून राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेल्या दोऱ्यासारखे दिसतात. दुसऱ्या काचपट्टीला ग्रॅमचा रंग देतात, त्यात जिवाणू जांभळे किंवा गुलाबी दिसतात. बहुतेक वेळा याच तपासणीवरून त्याच दिवशी योग्य औषध सुरू होते. उरलेली खरवड रक्त घातलेल्या अगारवर आणि बटाट्याच्या अर्काच्या अगारवर इंग्रजी सी अक्षरासारख्या रेघा ओढून पेरतात. नेमक्या त्या रेघेवर उगवले तरच ते डोळ्यातले, रेघेबाहेर उगवले तर हवेतून आलेले तण समजायचे. जिवाणू बहुधा एक-दोन दिवसांत उगवतात. बुरशीला जास्त दिवस लागू शकतात, म्हणून काही उगवले नाही तरी ताटल्या दोन आठवड्यांपर्यंत ठेवतात.

अलीकडे आणखी एक चोर सापडला आहे, त्याचे नाव पिथियम. आल्याच्या आणि हळदीच्या कंदकुजीमुळे हे नाव आपल्या भागात नवे नाही. त्याची एक वेगळी जात डोळ्यात व्रण करते. सूक्ष्मदर्शकाखाली ती बुरशीसारखीच दिसते, पण खरी बुरशी नाही, त्यामुळे बुरशीची नेहमीची औषधे तिला लागू पडत नाहीत. तिची खात्री करण्यासाठी प्रयोगशाळेत ताटलीवर पानाचे तुकडे ठेवतात आणि नंतर ते पाण्यात सोडतात. पिथियम असेल तर त्यातून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. पानातून आलेला रोग पानाच्याच मदतीने पकडायचा, असा हा प्रकार. तो ओळखला गेला तर जिवाणूंवरची काही औषधे वापरून पाहता येतात.

महाग औषध म्हणजे चांगले औषध नव्हे

बुरशीच्या व्रणावर कोणते औषध द्यावे, याचाही वाद होता. नॅटामायसिनचे थेंब जुने, तर व्होरिकोनॅझोल नवे, आणि नवे ते चांगले असे अनेकांना वाटत होते. म्हणून २०१० आणि २०११ या दोन वर्षांत अरविंदच्या मदुराई, पुदुच्चेरी आणि कोइमतूर येथील रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट केले, आणि कोणाला कोणते थेंब मिळाले हे रुग्णालाही माहीत नव्हते व डॉक्टरलाही नव्हते. २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. जुने नॅटामायसिनच सरस ठरले. फ्युजेरियमच्या रुग्णांत तर त्याच्यामुळे डोळे तपासण्याच्या तक्त्यावर सरासरी चार ओळी जास्त वाचता आल्या. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने नॅटामायसिनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

पण हे औषध फायद्याचे कोणाला? ज्याची खरवड तपासून बुरशी आहे हे कळले आहे त्याला.

लाली उतरली म्हणजे रोग गेला नाही

सगळ्यांत जास्त नुकसान कशाने होत असेल तर स्टेरॉइड असलेल्या थेंबांनी. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावे. बाटलीवरचे नाव कोणाकडून तरी वाचून घ्या. हे थेंब शरीराचा प्रतिकार दाबतात, म्हणून लाली आणि दुखणे कमी होते. पण आत बुरशी असेल तर तिला रान मोकळे मिळते. फडाला पेटल्यावर घंटा बंद करावी आणि विस्तव तसाच ठेवावा, तसला हा इलाज.

स्टेरॉइड सरसकट वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर तेच देतात. जिवाणूंच्या व्रणावर त्याचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी २००६ ते २०१० या काळात ५०० रुग्णांवर चाचणी झाली. पण तिथेही आधी प्रयोगशाळेत जिवाणू सिद्ध केले, ४८ तास प्रतिजैविक दिले आणि मगच स्टेरॉइड दिले. इतकी काळजी घेऊनही तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदरीत फरक पडला नाही. तेव्हा तपासणीशिवाय घरच्या घरी ते घालण्यात काय हशील?

वेळेची किंमत

नेपाळमधील भक्तपूर येथे झालेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. तिथे गावोगावच्या शिकवलेल्या कार्यकर्त्यांनी, बुबुळाला ओरखडा उठलेल्या पण अजून व्रण न झालेल्या ४४२ जणांना क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस दिले. लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ जणांपैकी चौघांना झाला. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला. या अभ्यासात मलम न दिलेला गट तुलनेला नव्हता. पुढे नेपाळमध्येच गावकार्यकर्ते असलेल्या आणि नसलेल्या भागांची तुलना करणारा मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २०२२ साली आला. त्यात व्रणांच्या एकूण प्रमाणात फरक दिसला नाही. तेव्हा मलम हा रामबाण समजू नये. पण उशीर केला की धोका वाढतो, ही गोष्ट शेतकऱ्याने गाठीला बांधावी.

आता करायचे काय?

१. पाचट काढताना, तोडताना साधा पारदर्शक गॉगल लावावा. मोटारसायकलवर लावतो तोही चालेल.

२. डोळ्याला पात लागली तर स्वच्छ पाण्याने धुवावे. चोळू नये. दूध, मध, तेल, झाडपाला काही घालू नये. कुसळ जिभेने किंवा कापसाने काढू नये.

३. त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. नुसता ओरखडा आहे की व्रण झाला आहे ते त्यांनाच बघू द्यावे.

४. बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल तर एक तासही दवडू नये. डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "साहेब, खरवड तपासायची का?" तिथे सोय नसेल तर जिथे आहे तिथली चिठ्ठी मागावी.

५. आधी घातलेल्या थेंबांची बाटली सोबत न्यावी. लपवू नये.

६. औषध सुरू झाल्यावर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. बुरशीचा व्रण भरायला कित्येक आठवडे लागतात.

शेवटी तोडणी कामगारांविषयी. ऊस आपला असला तरी कोयता त्यांचा असतो आणि पातही जास्त करून त्यांनाच लागते. दवाखान्यात गेले की खाडा पडतो, मुकादमाचा हिशेब वाढतो, म्हणून तो माणूस किंवा ती बाई डोळा बांधून फडात उभी राहते. ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदाने अशा वेळी स्वतः गाडी काढावी, तिला दवाखान्यात पोचवावे आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये म्हणून मुकादमाला सांगावे. एका कोयत्याच्या एका दिवसाने आपला ऊस फडात राहणार नाही. पण त्या एका दिवसाच्या उशिराने एखाद्याचा डोळा जाऊ शकतो, आणि गेलेला डोळा कोणत्याही हंगामाच्या हिशेबात भरून निघत नाही.