घराच्या खरेदी-विक्रीत वकील कसा निवडावा?



बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात मोजतो, खूर पाहतो, खांद्यावरून हात फिरवतो आणि जुंपून चार तास मारून बघतो. शिवाय गावातला एक जाणता माणूस बरोबर नेतो. सोयाबीनचे घरचे बी पेरायचे असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो. इतकी सावध असणारी आपली माणसे जन्माची पुंजी घालून घर घेतात, तेव्हा मात्र दुसऱ्याने लिहून आणलेल्या कागदावर न वाचता सही करून मोकळी होतात. हे का घडते?

एक कारण म्हणजे वकिलाची धास्ती. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्या मनात पक्के बसले आहे, आणि वकील म्हटला की आपल्याला कोर्टच आठवते. पण व्यवहाराआधी ज्याच्याकडे जायचे तो वकील कोर्टाची पायरी चढायला लागू नये म्हणूनच असतो. व्यवहारानंतर त्याच्याकडे धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

गावोगाव फिरताना पिकाच्या गोष्टी संपल्या की अशा घरांच्या गोष्टी निघतात. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला घर घेतलेले असते, कोणी गावठाणातले जुने घर विकायला काढलेले असते. अशा वेळी वकील कसा पारखावा आणि त्याच्याकडून काय काय करून घ्यावे, ते या लेखात पाहू.

कचेरीबाहेरची चार माणसे

दुय्यम निबंधक कचेरीबाहेर आपल्याला चार प्रकारची माणसे भेटतात. दलाल गिऱ्हाईक जमवतो. व्यवहार झाला तरच त्याची दलाली सुटते, म्हणून तो ‘थांबा’ असे कधीच म्हणणार नाही. मुद्रांक विक्रेता स्टॅम्प विकतो. दस्तलेखक आपण सांगू ते नीट लिहून देतो. पण विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे का, हे तपासण्याची जबाबदारी या तिघांपैकी कोणाचीच नाही. ते काम चौथ्याचे, म्हणजे वकिलाचे आहे.

‘पण रजिस्टर झाले म्हणजे सरकारने तपासलेच ना?’ असे पुष्कळजण विचारतात. तसे नाही. दस्त नोंदवणे हे दुय्यम निबंधकाचे काम आहे. मालकी खरी की खोटी याचा निवाडा तो करीत नाही.

कोणता कागद काय सांगतो?

चांगला वकील ओळखायचा तर आपल्याला थोडे ठाऊक हवे. गावातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. घरपट्टी कोणाच्या नावे आहे हे त्यावरून कळते, पण मालकी सिद्ध होत नाही. गायरानावर बांधलेल्या घराचीही घरपट्टी लागलेली असू शकते, आणि जमीन मात्र सरकारची असते. असे घर नुसत्या ‘आठ’वर घेतले तर पैसा गेला आणि वर अतिक्रमणाची टांगती तलवार आली.

सातबाऱ्याचेही तेच. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम दाखला नव्हे. गावठाणाची मोजणी झाली असेल तेथे मालमत्ता पत्रक मिळते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत अशी पत्रके तयार झाली आहेत. आपल्या गावचे झाले असेल तर त्याची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयातून आधी घ्यावी.

आणि स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी केलेला ‘व्यवहार’? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच होते. नुसत्या इसारपावतीने किंवा साठेखताने मालकी आपल्याकडे येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर ‘विकत’ घेतलेल्या मिळकतीत मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. ‘नोटरी करू, खर्च वाचेल’ असे सुचवणारा वकील असेल तर त्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

स्थानिक वकिलाचा फायदा, आणि धोकाही

तालुक्याच्या गावी बसणाऱ्या वकिलाला आपल्या भागाची नाडी माहीत असते. कोणत्या गावात इनाम-वतनाच्या जमिनी आहेत, कुठे कुळाच्या जमिनीवर घरे उठली आहेत, कुठले प्लॉट बिगरशेती न करताच पाडले आहेत, हे त्याच्या कानावर असते. भोगवटादार वर्ग २ ची जमीन विकायला परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. तुकडेबंदीचे नियमही गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. म्हणून गुंठ्यात प्लॉट घेताना ‘आजच्या तारखेला कोणता नियम लागू आहे?’ हे स्पष्ट विचारावे.

पण स्थानिक असण्याला दुसरी बाजू आहे. लहान गावात सगळेच एकमेकांचे. वकील विकणाऱ्याचा नातेवाईक असेल, त्याचीच इतर कामे पाहत असेल किंवा दलालाच्या टेबलाशेजारी बसत असेल, तर तो आपल्या बाजूने किती ठामपणे बोलेल? म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे, ‘साहेब, समोरच्या पार्टीचे काम आपण पाहता का?’ एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूचे काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. ‘दोघांचा मिळून एकच वकील करू, फी वाचेल’ हा सल्ला महागात पडतो.

कर्ज काढून घर घेताना बँकेचा वकील कागद तपासतो. ते चांगलेच. पण तो पाहतो बँकेच्या पैशाची सुरक्षितता. आपल्यासाठी पाहणारा माणूस वेगळा हवा.

वकील पारखण्याचे प्रश्न

गेल्या दोन-तीन वर्षांत घर घेतलेल्या चार घरी जाऊन चौकशी करावी. कोणाकडे गेलात, किती फेऱ्या झाल्या, नंतर काही लचांड निघाले का, असे विचारावे. मग दोन वकिलांना प्रत्यक्ष भेटावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. त्यांचे मुख्य काम दिवाणी आणि महसुली आहे का? फौजदारीत नाव कमावलेला वकील मोठा असेल, पण सर्चच्या कामात त्याचा हात बसलेला असेलच असे नाही.

२. शोध अहवाल, म्हणजे सर्च रिपोर्ट, ते लेखी देतात का? साधारणपणे तीस वर्षांचा शोध घेण्याची पद्धत आहे. अहवालासोबत सर्च फी भरल्याची पावती मागावी. ‘मी बघितले, सगळे क्लिअर आहे’ हे तोंडी सांगणे पुरे नाही.

३. ते आपल्याला प्रश्न विचारतात का? विकणाऱ्याला बहिणी किती, मूळ कागद कोठे आहेत, घरात सध्या कोण राहते, असे ज्याला सुचत नाही, तो घाईत आहे असे समजावे.

४. फी किती आणि त्यात काय काय, हे आधी सांगतात का? सर्च, जाहीर नोटीस, मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजर राहणे आणि नंतरची नावनोंदणी, प्रत्येकाचे वेगळे विचारून कागदावर लिहून घ्यावे. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी हा सरकारचा पैसा आहे, त्याचे चलन आपल्या हाती हवे.

५. ते ‘घेऊ नका’ म्हणू शकतात का? ही खरी कसोटी. व्यवहार मोडला तरी फी तेवढीच, असे आधी ठरवावे, म्हणजे त्यांना खरे बोलायला अडचण राहत नाही.

ही पारख आधीच का करायची, तेही सांगतो. निकृष्ट बियाण्याबद्दल आपण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. पण वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. गैरवर्तन झाल्यास महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, परंतु त्याने आपले घर परत येतेच असे नाही.

बहिणीचा हक्क विसरू नका

खेड्यातल्या घरांचे सर्वांत जास्त तंटे येथून निघतात. घर वडिलार्जित असते, वारसनोंदीत नावे फक्त भावांची लागलेली असतात, आणि भाऊ घर विकून टाकतात. पुढे बहीण हक्क सांगत कोर्टात जाते आणि भरडला जातो घेणारा. हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरवून दिले.

तेव्हा घेणाऱ्याने वकिलाकडून विकणाऱ्याची वंशावळ काढून घ्यावी. बहिणींच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात, किंवा त्यांचे नोंदणी केलेले हक्कसोडपत्र पाहावे. साध्या कागदावरच्या संमतीवर विसंबू नये. आणि विकणाऱ्या भावांनाही सांगणे आहे, की बहिणीला विचारून, तिचा वाटा देऊन केलेला व्यवहार दोन्ही घरांना सुखाची झोप देतो. चोळी-बांगडीवर बोळवण करण्याचे दिवस गेले.

विकणाऱ्यानेही वकील करावा

‘आपल्याला तर पैसे घ्यायचेत, वकील कशाला?’ असे विकणाऱ्याला वाटते. पण खरेदीखतात ‘संपूर्ण रक्कम पावली’ असे लिहून सही केली आणि दिलेला चेक वटलाच नाही, तर पुढे पैशासाठी भांडत बसावे लागते. पैसे खात्यावर जमा झाल्याची खात्री करून मगच सही करावी. घराच्या किंवा जमिनीच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोख घेण्यास १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे, आणि घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. कोऱ्या स्टॅम्पवर सही तर कोणालाही, अगदी सख्ख्या माणसालाही देऊ नये.

सही झाली म्हणजे काम संपले नाही

सही करण्यापूर्वी मसुदा घरी आणावा आणि घरातल्या बायामाणसांसह सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. चतुःसीमा, क्षेत्र आणि नावांचे स्पेलिंग ताडून पाहावे. चतुःसीमा तर जागेवर उभे राहून तपासावी. समाईक भिंत, पाण्याची वाट, जाण्या-येण्याचा रस्ता यांचा उल्लेख हवाच. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी हजर करावा लागतो. त्यानंतर इंडेक्स टू ची प्रत घ्यावी आणि मालमत्ता पत्रकावर, तसेच ग्रामपंचायतीत नाव लावून घ्यावे. हे होईपर्यंत वकिलाच्या फीचा थोडा भाग राखून ठेवावा, तसे आधीच बोलून घ्यावे. मूळ कागद आपल्याकडेच ठेवावेत आणि वकिलाला झेरॉक्स द्यावी. दाखवायला मूळ कागद दिलेच तर पोच घ्यावी.

फी परवडत नाही म्हणून कोणी अडून राहू नये. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक मदत मिळू शकते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते.

बंधू-भगिनींनो, घर एकदाच घेतले जाते, पण त्यात पिढ्या नांदतात. चांगल्या वकिलाची फी ही त्या घराच्या पायातली एक चिरा समजा. येत्या दिवाळीला कोणाच्या घरी खरेदीची बोलणी चालली असतील, तर इसार देण्याआधी एक दिवस तालुक्याला जाऊन या. इसार चार दिवस उशिरा दिला म्हणून सच्चा विकणारा पळून जात नाही. आणि जो ‘आजच द्या, नाहीतर दुसरे गिऱ्हाईक आहे’ म्हणतो, त्याचे कागद दोनदा तपासा.