पांढरी पूड पिवळी पडते तेव्हा

एका वाचकाने विचारलं आहे : जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की उठणारा फेस म्हणजे 'फ्री रॅडिकल' (जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा कण) का? नाही, तो साधा प्राणवायू. रक्तातलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइडपासून पाणी आणि प्राणवायू करतं, बस.

त्याच पेरॉक्साइडची गाठ सुट्या लोहाशी पडली, तर मात्र चित्र पालटतं. चिंचेला आंबटपणा देणारं टार्टारिक आम्ल, हिराकशीतलं लोह, पेरॉक्साइड आणि वर थोडा अल्क : केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांना १८७६ मध्ये यातून जांभळा रंग मिळाला. सविस्तर निबंध १८९४ चा. यामागचा हायड्रॉक्सिल रॅडिकल हाबर आणि वाइस यांनी ओळखला तो थेट १९३४ मध्ये. लोह एक इलेक्ट्रॉन देतं, दोन ऑक्सिजनमधला कच्चा बंध तुटतो आणि सुटलेला रॅडिकल शेजारी जे असेल त्यावर तुटून पडतो.

मला खरी भुरळ घातली ती आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या पुडीने. ही पूड म्हणजे टायटॅनियम सिलिकालाइट हा उत्प्रेरक, मूळचा इटलीतला, १९८३ च्या पेटंटमधला : सिलिकाच्या जाळीत मोजकेच टायटॅनियम अणू. या पांढऱ्याशुभ्र पुडीवर पेरॉक्साइड पडलं की ती पिवळी होते! इथे टायटॅनियम ऑक्सिजनची जोडी फोडून मोकळं होत नाही, तिला धरून ठेवतं. पण कशा रूपात? पॉल रत्नसामी, डी. श्रीनिवास आणि सहकाऱ्यांनी ईपीआर यंत्राने हे तपासलं. या यंत्राला फक्त जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन दिसतो. त्यात सुपरऑक्साइडची, म्हणजे एक सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या ऑक्सिजन-जोडीची, एक नव्हे, अनेक रूपं सापडली. द्रावक बदला, तापमान बदला, की त्यांचं प्रमाण बदलतं. आणि कोणती रूपं किती, याचा संबंध अभिक्रियेतून काय हाती येतं याच्याशी लागतो. पुण्यात झालेल्या या कामाबद्दल पुणेकरांना फारसं ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

याच जातीच्या उत्प्रेरकावर २००८ मध्ये अँटवर्पला प्रोपिलीन ऑक्साइडचा कारखाना उभा राहिला. जुन्या पद्धतीतला क्लोरीन गेला. सोबत उरतं ते मुख्यतः पाणी.

थोडक्यात, ऑक्सिजन कसा वागेल हे तो कोणत्या धातूपाशी आहे यावर ठरतं. म्हणून 'फ्री रॅडिकल मारणाऱ्या' गोळ्यांच्या जाहिरातींवर माझा विश्वास बसत नाही. कोणता ऑक्सिजन, कोणत्या धातूपाशी, हे त्या सांगतच नाहीत. शरीर तर मुळात लोहच मोकळं सोडत नाही : फेरिटिन नावाच्या पोकळ प्रथिनात ते साडेचार हजारांपर्यंत अणू कोंडून ठेवतं.